‘लेड फ्री’ म्हणून घेतलेलं पिवळं बदक, घरात लहान मूल असेल तर वाचाच

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण परवा परत एका मैत्रिणीने विचारलं की ती लाकडी खेळणी कुठून घेतलीस गं, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. लांबलंय थोडं.

माझी लेक तेव्हा अकरा महिन्यांची होती, दात येत होते आणि हाताला लागेल ते तोंडात जायचं. प्लास्टिक नको म्हणून लाकडाची खेळणी शोधत होते तर इन्स्टावर एक पेज सापडलं. खुळखुळा, रिंगांचा मनोरा आणि दोरीने ओढायचं एक पिवळंधमक बदक, सेट १४५० रुपयांना. खाली लिहिलेलं, हँडमेड, नॅचरल कलर, शंभर टक्के लेड फ्री म्हणजे रंगात शिसं नाही, आयएसआय मार्क. मी दोनदा मेसेज करून विचारलं की बाळ तोंडात घालतं, चालेल ना? उत्तर आलं, “ताई बिनधास्त द्या, माझी स्वतःची मुलं त्यानेच खेळतात.” ह्या एका वाक्यावर मी पैसे पाठवले.

दोन-अडीच महिने ते बदक तिच्या हातातून सुटलं नाही, झोपतानासुद्धा उशाशी लागायचं. मग एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, अगं हिच्या लाळेऱ्याला हे पिवळं काय लागलंय? मला वाटलं वरणभात असेल. पण ओल्या कापडावर मोहरीपेक्षा बारीक, चकचकीत असे पिवळे कण होते. बदक हातात घेऊन बघितलं तर चोचीवर तिच्या दोन दातांच्या खुणा, आणि तेवढ्या जागी रंग जाऊन आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. चाकाजवळ ब्रशचा ओघळ सुकलेला होता. घेताना तो मला दिसला कसा नाही, हे अजूनही डोक्यातून जात नाही.

त्या रात्री खोक्यावरचा आयएसआयचा स्टिकर पहिल्यांदा नीट वाचला. खऱ्या मार्काच्या वर आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. ह्या स्टिकरवर नंबर होता, म्हणून मला आधी हायसं वाटलं. मग आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएसचं बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप डाऊनलोड करून तो नंबर टाकला तर लायसन्स निघालं पीव्हीसी पाइपचं. खेळण्याचं नाहीच! कोणाचा तरी नंबर उचलून छापलेला.

सकाळी विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणे प्रिंटिंग मिस्टेक आहे. मग टेस्ट रिपोर्टची एक पीडीएफ आली, तिच्यावर तारीख जुनी आणि सँपल म्हणून भलत्याच वस्तूचं नाव. तेही दाखवल्यावर सूर बदलला, “मॅडम आमचं हस्तकलेत येतं, आम्हाला आयएसआय लागतच नाही.” हे मुद्दाम सांगते कारण इथे बरेच जण गप्प बसतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकलेला सूट आहे हे खरं, पण ती केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना आहे, आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना. तुमचा नोंदणी क्रमांक द्या म्हटलं तर तो नव्हताच. आणि सूट होती तर खोटा मार्क चिकटवला कशाला, ह्याला उत्तर नाही.

शेवटी चिडून बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, “रंग काय आम्ही बनवतो का, आमचा पेंटर ट्रकच्या बॉड्या रंगवतो तोच मारून देतो.”

हे ऐकून पोटात गोळाच आला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. पण तो नियम घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांपुरताच आहे, ट्रकला वगैरे मारतात ते इंडस्ट्रियल रंग त्यात येत नाहीत. आणि पिवळा, केशरी असे भडक रंग येण्यासाठी जे लेड क्रोमेट वापरतात त्यात शिसंच असतं. मग असला डबा खेळण्यावर फिरला की आपल्याला नुसत्या डोळ्यांनी काय कळणार?

माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्याशी बोलले तर म्हणाली इथे २००७ मध्ये शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी परत मागवली होती, त्यानंतर २००८ मध्ये कडक कायदा झाला, आता लहान मुलांच्या वस्तू बाहेरच्या लॅबमधून तपासून घ्याव्या लागतात आणि कोणी कधी बनवलं ते कळेल असं लेबल लावावं लागतं. म्हणजे तिथेही मुलांच्या तोंडात गेल्यावरच जाग आली.

डॉक्टरांना लेकीच्या रक्तातलं शिसं तपासायला मीच सांगितलं, नाहीतर कोणी करत नाही कारण बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसतं खेळतं असतं. रिपोर्ट आला ८.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, आणि सुरक्षित अशी पातळी मुळात नाहीच. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं अंगात भिनतं त्याच्या चार ते पाच पट लहान मुलांच्या अंगात भिनू शकतं, ते कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं, आणि मेंदूची वाढ होत असते नेमकी त्याच वयात. हे ऐकताना ती माझ्या मांडीवर बसून डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढत होती, आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं.

एवढ्या पातळीला औषध देत नाहीत, शिसं बाहेर काढायची ट्रीटमेंट साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतात, म्हणून कोणी डिटॉक्सची पावडर वगैरे सांगितली तर मुलाला देऊ नका. तिचं लोह कमी निघालं, आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून लोहाचं औषध सुरू केलं, नाचणी आणि दूध वाढवलं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसायला लागलो, खाण्याआधी प्रत्येक वेळी हात धुवायचे. तीन महिन्यांनी ४.९ आलं. कमी झालं, पण मला तो आकडा शून्य हवाय.

विक्रेत्याने पैसे परत देतो पण पेजवरची कमेंट काढा अशी अट घातली. मी काढली नाही, तर ब्लॉक केलं. बीआयएस केअर ॲपवर आणि ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीये. तिथे फोटो, पेमेंटचा स्क्रीनशॉट, सगळं लागतं, म्हणून खोकं आणि स्टिकर टाकून देऊ नका. बदक मी झिपच्या पिशवीत घालून वरच्या कपाटात ठेवलंय.

आणि गेल्या आठवड्यात तेच बदक दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसलं. तोच फोटो, मागे तीच निळी चटई, किंमत शंभराने कमी, आणि खाली तेच, लेड फ्री. चाकाजवळचा ओघळ फोटोत झूम केला की दिसतो.