सेंटर बंद, हप्ते चालू

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका स्लिमिंग सेंटरच्या पॅकेजसाठी माझे ४८,००० रुपये ठरले. सेंटरला कुलूप लागलं, पण माझ्या खात्यातून हप्ते अजून कापले जातायत. अशी दुकानं पाटी बदलून दुसरीकडे उघडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली भेट ‘मोफत सल्ल्या’ची. काटा झाला, टेप झाली, मग आरशासमोर उभं करून तिथली मॅडम पेनाने दाखवत गेली: हे दंड, ही कंबर, हे बाळंतपणाचं पोट. वर हळूच, “मिस्टर काही बोलत नाहीत का?” हा प्रश्न कानावर पडला की बाई पॅकेजची किंमत विचारत नाही, सही कुठे करायची ते विचारते. मिस्टरांनी कधी काही म्हटलं नव्हतं, हे मला घरी आल्यावर आठवलं.

आता मापांची गंमत बघा. पहिलं माप संध्याकाळी, खाणंपिणं झाल्यावर, टेप सैल धरून. पुढची मापं सकाळी उपाशीपोटी, टेप आवळून आणि बोटभर वर. पोट त्यातच कमी! शिवाय काट्यावर उभं करायच्या आधी सॉना बेल्ट. घामाने गेलेलं ते पाणी, दोन पेले पाणी प्यायलं की परत येतं. भात-पोळी बंद करायला लावली होती, त्याचाही पहिल्या आठवड्यात काटा चांगलाच खाली येतो. कारण शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरली जाते, आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं तेही जातं. चरबी जवळजवळ तेवढीच राहते. पण आपण खूश होतो आणि मैत्रिणीलाही घेऊन जातो. मीही माझ्या जावेला नेलं होतं.

तिला वर ‘हर्बल’ कॅप्सूलची बिनलेबलची डबी दिली. ती आम्ही फेकली. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याची उदाहरणं आहेत. हृदयाला धोका म्हणून त्या औषधावर भारतात २०११ साली बंदी आली. कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच यातलं काहीच नसेल तर गोळी तोंडात घालू नका.

खरी मेख हप्त्यांत. ‘बिनव्याजी, महिन्याला थोडे थोडे’ म्हणत त्यांनी माझा आधार, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी घेतला. मला वाटलं हप्ते सेंटरला जाणार. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. सेंटरला त्यांचे पैसे एकरकमी मिळाले, म्हणजे आम्ही बारीक झालो काय, न झालो काय, त्यांना सारखंच. हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, माझा बिघडणार. ओटीपी सांगण्याआधी कर्जाचं माहितीपत्रक मागा आणि सुरुवातीलाच कर्ज रद्द करायची मुदत किती ते विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात दोन्ही द्यावं लागतं.

सेंटर बंद झाल्यावर आम्ही बायकांनी ग्रुप केला. राग सगळ्यांना होता, पण तक्रारीवर नाव घालायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणी गप्प. घरी सांगितलेलंच नव्हतं. एकीच्या सासूबाईंना वाटत होतं ती शिवणक्लासला जाते. या गप्प बसण्यावरच तर त्यांचं निभावतं!

मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापलंय म्हणून घाबरू नका, तेवढ्याने आपला हक्क जात नाही.

माझं वजन होतं तिथेच आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साखर, थायरॉईड बघितलं, रोज चालायला सांगितलं, विषय संपला. घरातला काटा भंगारवाल्याला दिला. शिंपिणीला दर वेळी “एक इंच आत घ्या, कमी करणारच आहे” म्हणायचे, तेही सोडलं. आता ब्लाऊजमध्ये हात वर होतो.

आणि हो, कार्ड मशीनच्या पावत्यांची शाई उडते. ज्यांनी असे पैसे भरलेत त्यांनी आजच त्यांचे फोटो काढून ठेवा.