मोल्सवर्थचा कोश, सेकंडहॅंड, पैसे वसूल

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उचलला, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचं रीप्रिंट. "बाइंडिंग एकदम कडक साहेब" म्हणाला, घरी येऊन 'भ' उघडला तर अख्खी गड्डीच हातात आली. डिंक लावून बसलोय.

घेतला कशासाठी, तर लेकीने विचारलं बाबा भ्रष्ट म्हणजे लाच खाणारा ना, मी हो म्हणून टाकलं आणि मग चैन पडेना. कोशात शब्दापुढे बारीक खूण असते संस्कृत, फारसी की अरबी त्याची, ती सवय लागली की सुटत नाही. भ्रष्ट हा संस्कृत, धातू भ्रंश्, म्हणजे खाली पडणं, घसरणं. पैशाचा काही संबंधच नाही हो! स्मृतिभ्रंश, पदभ्रष्ट, अपभ्रंश सगळी एकाच घरातली भावंडं. ते सुभाषित नाही का, दात, केस, नखं आणि माणसं जागेवरून हलली की शोभत नाहीत, तिथेही 'स्थानभ्रष्ट'च. आमच्या आजीला तर लाचबिच माहीतच नव्हती, सोवळ्याच्या हंड्याला नुसता हात लागला तरी "भ्रष्टाकार मांडलाय मेल्याने" सुरू व्हायचं. म्हणजे शब्द स्वयंपाकघरातून सरकारी ऑफिसात कधी गेला कळलंच नाही.

मग लाच बघायला गेलो तर तिथे 'लांच', डोक्यावर टिंब. संस्कृतात लञ्चा, त्या ञ् चं उरलेलं एवढंच. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेली टिंबं काढली त्यात हेही गेलं, लाच मात्र राहिली. कानडीत अजून 'लंच'च म्हणतात, ऑफिसातल्या धारवाडच्या मित्राला मी रोज दुपारी "लंच घेतलंस का" विचारतो, आता कळलं तो का हसतो ते.

तक्रारी म्हणाल तर टाइप बारीक, भिंग लागतं, आणि अर्थ जुन्या इंग्रजीत, कधीकधी अर्थाचाच अर्थ बघावा लागतो. वजन नको असेल तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर हाच कोश फुकट आहे, पण चाळताना शेजारचे शब्द सापडण्याची मजा कागदावरच.

पाचपैकी चार स्टार. दुकानाला दोन. बिल मागितलं तर म्हणाला बिलाचे वेगळे पडतील, मीही गप्प बसून रोख दिले आणि पिशवी उचलली.