लाकडी मासोळीचा फर्मा: कापलेला की खुणांची पट्टी?

हिडकल धरणावर मरळीसाठी गळाला आमिष म्हणून लाकडी मासोळ्या वापरायच्या, तर लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) पहिलीसारखी दुसरी निघणं हीच खरी कटकट. लाकूड शिवणीचं घ्या, हलकं आणि कातायला गुणी. पण आकार सारखा यावा म्हणून लावायचा फर्मा कसला?

मासोळीच्या एका बाजूच्या वळणाचा कापलेला फर्मा सगळ्यांना आधी सुचतो. लेथ थांबवून लाकडाला लावायचा. टेकेल तिथं अजून कातायचं, फटीतून उजेड दिसेल तिथं हात लावायचा नाही. पुठ्ठ्याची कड चार-पाच नगांत फुगते, सनमायकाची टिकते. पण दर वेळी लेथ बंद, परत चालू!

मला पट्टीच आवडते. प्लायची, 90 मिमीची, कडेला खाचा: नाक, डोळा, पोट, शेपटीची मान. प्रत्येक खाचेपुढे व्यास लिहिलेला. पट्टी टूलरेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या दांडीवर) धरून खाचेतून पेन्सिल टेकवली की फिरत्या लाकडावर गोल रेघ उमटते. मग त्या रेघेवर कॅलिपर (व्यास मोजायचा चिमटा) आत जाईपर्यंत पार्टिंग टूल, म्हणजे अरुंद खाच पाडायचं हत्यार, चालवायचं. पोट 22 चं हवं असेल तर कॅलिपर 23 वर ठेवा, उरलेला मिलिमीटर पॉलिशपेपर खातो. मधली वळणं मात्र डोळ्यानंच जोडायची. हात बसेपर्यंत शेवटी एकदा कापलेला फर्मा लावून बघावा. मी अजून लावतो, फक्त पोटाला.