दोरीचा चुंबक गोदावरीच्या पात्रात: काय लागतं आणि काय लागणारच नाही

दोरी बांधून नदीत टाकायचा निओडिमियम चुंबक आता ऑनलाइन सहज मिळतो. पेटीत साधारण ठरलेल्याच वस्तू असतात: पोलादी वाटीत बसवलेला चुंबक, वर कडीचा बोल्ट, वीसेक मीटर नायलॉनची दोरी, कॅराबिनर (दोरी अडकवायचा स्प्रिंगचा हुक), हातमोजे आणि बोल्टचे आटे पक्के धरणाऱ्या गोंदाची बाटली. जाहिरातीत चिखलातून वर येणारी जुनी नाणी दाखवतात. ती बघून पैठणच्या नागघाटावर किंवा नांदेडच्या गंगेवर जायचं मनात असेल, तर आधी धातूचा हिशेब मांडा.

चुंबकाला लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चिकटतात. बाकी धातू पाण्यात त्याच्या शेजारी पडलेले असले तरी हलत नाहीत. सातवाहनांची नाणी शिशाची, तांब्याची, पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांचा मिश्रधातू), काही चांदीची. एकही चिकटणार नाही. तेरणेकाठच्या तेरला जे सापडलं, हस्तिदंती बाहुली, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, त्यातलंही काही नाही. निजामाच्या काळात मराठवाड्यात चाललेला चारमिनार छापाचा हाली रुपया चांदीचा, म्हणून तोही नाही. याउलट १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा असल्याने पटकन चिकटतो, आणि १९९२ पासूनचा स्टीलचा रुपयाही. घाटाजवळ चुंबकाला लगडून येणारी नाणी बहुतेक भाविकांनी अलीकडे सोडलेली असतात. जुनं म्हणून हाती लागलंच तर ते लोखंड असेल: खिळे, साखळीच्या कड्या, घोड्याचे नाल, कुऱ्हाडीचं पातं.

ताकदीच्या आकड्यावर विसंबू नका. पेटीवर २०० किलो लिहिलेलं असतं ते जाड, सपाट, घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पट्टीला चुंबक पूर्ण टेकवून सरळ वर ओढल्यावरचं. गंजाचा थर, गोलाकार वस्तू, मधला मिलिमीटरभर चिखल, यातलं काहीही आलं की पकड झपाट्याने घटते. गंजलेला खिळा तर आतून पोकळ झालेला असतो. त्यात ओढायला लोखंडच थोडं उरतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) असतं, आणि तो झिजून झालेली काळी वाळू गोदेच्या पात्रात सगळीकडे आहे. पात्रातून दोन-तीन वेळा ओढला की चुंबकाच्या तोंडावर केसाळ काळी दाढी उगवते. बोटांनी पुसली तर ती नुसती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकते, आणि जितकी जाड होईल तितकी पकड कमी. यावर साधा उपाय: चुंबकावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून गळ्याशी बांधायची. पिशवी उलटी करत काढली की वाळू तिच्यातच राहते. पिशवीच्या जाडीमुळे थोडी ताकद जाते, तरी सौदा फायद्याचा आहे. पिशवी मात्र नदीत सुटू देऊ नका.

सगळ्यात जास्त चुंबक हरवतात ते कडीच्या बोल्टमुळे. चुंबक पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ बसतो आणि बोल्ट हळूहळू उलगडतो. आटे कोरडे पुसून गोंद लावा, बोल्ट आवळा आणि रात्रभर वाळू द्या. घाईत लावून लगेच पाण्यात टाकला तर गोंद असून नसल्यासारखा. दोरीला आठाची गाठ मारा, दुसरं टोक काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधा. खडकावर आपटू नका: निओडिमियम ठिसूळ असतं, आणि वरचा निकेलचा मुलामा तडकला की आत पाणी जाऊन चुंबक फुगतो. दोन्ही बाजूंनी ओढणारा चुंबक इथे घेऊच नये. पुलाच्या सळईला, बंधाऱ्याच्या दाराला तो चिकटून बसतो. अडकलाच तर सरळ ओढण्याऐवजी आडवा सरकवून सोडवा. पेसमेकर असलेल्या माणसाने याच्या जवळही येऊ नये.

टाकण्यापेक्षा ओढणं महत्त्वाचं. फेकल्यावर तळाला टेकू द्या, मग वितभर-वितभर सावकाश ओढा. भराभर ओढला तर तो तळापासून उचलला जातो. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं तेव्हा काम सोपं, पण जायकवाडीतून पाणी सुटलं की पैठणखालचं पात्र बघता बघता भरतं. भोंगा वाजला की आधी काठावर या. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पक्षी अभयारण्यात येतो, तिथे हा उद्योग नको. काडतूस किंवा हातबॉम्बसारखं काही वर आलं तर हात न लावता लांब सरकून ११२ ला फोन करा.

कायद्याचं स्पष्ट सांगितलंच पाहिजे. १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास शिक्षा आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उकरणं हाही गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, घाटाच्या पायरीशी गाळात रुतलेला खिळा कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे एकदा ओढून काढल्यावर कुणालाच सांगता येत नाही. पैठणसारख्या गावात हे नुकसान फार मोठं आहे.

म्हणून प्राचीन नाण्यांसाठी हा चुंबक घेऊ नका. विहिरीत पडलेला पाना किंवा पंपाचे सुटे भाग काढायला, घाटाजवळची तार आणि पत्रे उचलायला तो उत्तम आहे; त्यासाठी एकाच बाजूने ओढणारा मध्यम आकाराचा पुरतो. पुरातत्त्व अभ्यासकांच्या परवानगीच्या कामात मदतीला घेतला तर चालेल.

चुकून जुनं लोखंड वर आलंच, तर तारेच्या ब्रशने घासू नका, व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. उन्हात वाळलं की त्याच्या खपल्या उडतात. आहे त्या गाळासकट नदीच्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा, जागेचा फोटो काढा, काठावरच्या एखाद्या ठळक खुणेपासून अंतर मोजून लिहा, आणि डबा तसाच तहसील कार्यालयात पोचवा.