ब्रांडेनबुर्गच्या पाइनच्या जंगलातला मशरूम वॉक : पैसे वसूल

आम्ही बर्लिनला राहतो, ऑक्टोबरमधे शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात एका गाइडबरोबर मशरूम वॉकला, म्हणजे जंगलात फिरत मशरूम ओळखायला शिकायला, गेलो होतो, माणशी 25 युरो, चार तास, आणि खरं सांगते एकेक पैसा वसूल झाला.

आधी वर्षभर मी एक फोटोवरून ओळखणारं ॲप वापरायचे. त्या दिवशी वाळूत एक पिवळा मशरूम दिसला, ॲप म्हणालं ग्र्युनलिंग, खाता येतो. गाइडकाकूंनी नाव बरोबर म्हटलं पण टोपलीत टाकूच दिला नाही. पूर्वी लोक आवडीने खायचे, पण फ्रान्समधे हा सलग खाऊन 12 जणांचे स्नायू निकामी व्हायला लागले, त्यातले 3 दगावले, 2001 साली ते छापून आलं. ॲपमधे यातलं एक अक्षर नाही! मला तर घाम फुटला.

मग राइत्सकर नावाचा खाण्याजोगा मशरूम दाखवला. देठ कापला की गाजराच्या रंगाचा चीक येतो, आणि जिथे बोट लागलं तिथे थोड्या वेळाने हिरवट डाग पडतो, हे फोटोत कुठून कळणार. नवीन मशरूम ओळखायचा असेल तर तो बुडासकट उपटायचा, कारण अमानिता जातीच्या विषारी मशरूमच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखी ओळखीची खूण असते, ती मातीत असते आणि वरून कापला तर तीच मागे राहते, हे काकू प्रत्येकाकडून करून घेत होत्या.

ग्रुप 14 जणांचा होता, थोडा मोठाच, मागे उभं राहिलं की नीट दिसत नाही. जर्मन जेमतेम येत असेल तरी जा, काकू मशरूम हातात देऊन वास घ्यायला लावतात.