टाक्यांवरचा सुती सूट: आमच्या तांबीच्या दोन ऑपरेशनांनंतरचा अनुभव

ऑपरेशननंतर कुत्र्याने टाके चाटू नयेत म्हणून त्याच्या अंगात घालायचा, छाती-पोट झाकणारा सुती सूट घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी 'घ्या' म्हणते. फक्त दोन घ्या, आणि मापात बसणारेच घ्या.

तांबी आमची देशी कुत्री, सहा वर्षांची, वजन 18 किलोच्या आसपास. मे महिन्यात तिच्या गर्भाशयात पू झाला आणि गर्भाशय काढावं लागलं. (मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती एकदम जास्त पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, मलूल पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.) बेंबीखाली वीतभर चीर आणि वर नायलॉनचे टाके. पुढे दिवाळीनंतर स्तनातली गाठ काढली, तेव्हा पुन्हा तेच सूट बाहेर आले.

पहिल्या वेळी दवाखान्यातून गळ्यात प्लास्टिकचा कोन बांधून मिळाला होता. कोनाने काम होतं, यात वाद नाही. पण ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तो चौकटीला, दिवाणाला, आमच्या पोटऱ्यांना आपटायचा. पाण्याच्या भांड्यात तोंड जाईना. डोकं टेकवता येईना, म्हणून बिचारी बसल्या बसल्या पेंगायची. डॉक्टरांना विचारून सूट चढवला, आणि त्या रात्री ती अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

सगळा खेळ मापाचा आहे. आकार वजनावरून निवडू नका, टेप घ्या. गळपट्टा बसतो तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि पुढच्या पायांमागून छातीचा घेर, ही दोन मापं पाहिजेतच. आपल्या देशी कुत्र्यांची छाती खोल आणि पोट आत गेलेलं असतं. त्यामुळे छातीला बसणारा सूट पोटाशी ढिला पडतो, आणि त्या ढिल्या कापडाखालून जीभ बरोबर टाक्यांवर पोचते. तांबीचं तेच होत होतं. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी पोटाच्या दोन्ही बाजूंना टीप मारून दिली, मग बसला. सगळीकडे दोन बोटं सहज आत जातील इतकाच घट्ट हवा. बगलेची शिवण रोज बघा, तिथली कातडी पातळ असते आणि घासून लाल होते.

'चाटू दे, चाटून जखम बरी होते' असं सांगणारे घरोघरी भेटतील. कृपा करून ऐकू नका. लाळेत जंतू असतात आणि खरखरीत जिभेने टाके सैल होतात. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, जखम झाकलेली आणि कोरडी राहिली पाहिजे.

कोरडी ठेवणं हेच अवघड. शू करायला नेताना मागची टिचबटणं काढून सूट कंबरेपर्यंत गुंडाळायचा आणि गळपट्ट्यापाशी अडकवायचा. मादी खाली बसते, म्हणून कडा जरा जरी लोंबली तरी भिजते. भिजलेलं कापड टाक्यांवर तासभरही ठेवू नये, दुसरा सूट लागतो तो याचसाठी. नराची धार तर पुढे पोटाकडेच येते, तिथे बदलाबदली आणखी जास्त. बटणांऐवजी वेल्क्रो असलेला सूट टाळा. त्यात केस अडकतात, आणि उघडताना होणाऱ्या आवाजाने तांबी दचकायची.

मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उकाड्याचं काय? कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो, बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर जाते. त्यात अंगभर कापड. म्हणून कुणीतरी शेजारी बसलेलं असेल तेव्हा दुपारी सूट काढायचो, पंख्याखाली मोकळ्या फरशीवर झोपू द्यायचो. त्याच वेळी जखमही पाहून व्हायची: सूज, लाली, पाणी, वास. सूट घातलेला आहे म्हणून जखम बघायची राहून जाते, आणि या वस्तूचा मला वाटणारा खरा धोका तोच आहे. रंग फिकाच घ्या, पाणी झिरपलं तर डाग लगेच दिसतो.

गाठीच्या ऑपरेशनला मात्र सूट थोडा कमी पडला. गाठ सगळ्यात मागच्या जोडीतली, त्यामुळे चीर जांघेपर्यंत गेलेली, आणि सूटचं मागच्या पायाचं भोक नेमकं तिथेच येत होतं. काकूंनी जुन्या बनियनची पट्टी जोडून दिली, तरी रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने कोनही घातला. पायाच्या, पंज्याच्या जखमेला हा सूट उपयोगाचा नाही. आणि तुमचं कुत्रं कापड फाडणारं असेल तर त्याच्या भरवशावर त्याला एकटं सोडून जाऊ नका.

एवढ्या महिन्यांत कापड विरलेलं नाही. साध्या सौम्य साबणाने हाताने धुते, खळखळून साबण काढते, सावलीत वाळवते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालत नाही. गळ्याचं इलॅस्टिक मात्र सैल पडलंय आणि एका सूटची दोन बटणं निखळली. पावसाळ्यात पोटाला पुरळ आलं होतं तेव्हाही डॉक्टरांनी मलम लावून वर हाच घालायला सांगितला होता. मलम पुसलं गेलं नाही आणि खाजवणंही बरंच थांबलं.