माहीमच्या स्टॉलवरचा नोव्हेना सेट: मेणबत्त्या ठीक, पुस्तिका छान, शेवटचं पान फाडून टाका

नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, माहीमला ती दर बुधवारी असते, त्यासाठीचा हा सेट १८० रुपयांचा. आत काय काय येतं ते आधीच सांगते कारण घेताना मी काही बघितलंच नव्हतं, बुधवारच्या गर्दीत मागून धक्के मारतात तेव्हा बघणार काय. नऊ बारक्या मेणबत्त्या, तळहाताएवढी मराठी पुस्तिका, माउलीचा, म्हणजे येशूची आई मरिया हिचा, लॅमिनेट केलेला फोटो आणि एक हलकंसं मेडल. नवसाला चर्चमध्ये ठेवतात तो मेणाचा पाय वेगळा, त्याचे ५० घेतले. स्टॉलचं नाव विचारू नका, बोर्डच नाहीये. सेंट मायकल चर्चला जाताना फुटपाथवर ज्या मावश्या बसतात त्यातल्या एकीचा.

आम्ही वसईचे, घरात प्रार्थना मराठीतच, त्यामुळे मराठी पुस्तिका दिसली तशी पटकन उचलली. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं आणि तिची इच्छा की आधी नऊ बुधवार माहीमचा नोव्हेना व्हावा, पण तिला स्टेशनचा जिना चढवेना म्हणून तिच्या वतीने मी. माझं ऑफिस दादरला, सुटल्यावर स्लो पकडायची, माहीमला उतरायचं, पंधराएक मिनिटं चालायचं की चर्च. जूनमध्ये सुरू केलं.

मेणबत्त्या: साधारण. पावसात वात दमते, तिसऱ्या बुधवारी चार काड्या घालवल्या तेव्हा कुठे पेटली, आणि एकीत तर वातच नव्हती, नुसतं मेणाचं खडूसारखं. परत नेऊन दाखवली तर मावशींनी एक शब्द न बोलता दुसरी दिली, त्याबद्दल मार्क.

पुस्तिका मात्र खरंच छान निघाली. अक्षर मोठं, भाषा साधी, प्रार्थना आपण चर्चमध्ये म्हणतो त्याच. एकच घोळ, 'नमो मरिये' या प्रार्थनेत 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' च्या जागी 'आम्हा पाण्यासाठी विनंती कर' छापलंय. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली चुकलंय कुठे, टँकर आला का बघ आधी. वसई-विरारवाल्यांना वेगळं सांगायला नको.

फोटोचं प्रिंटिंग फिकट आहे पण त्यात एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली, इतकी वर्षं माहीमला जाऊनही. माउलीच्या हातावरच्या बाळ येशूच्या एका पायातली चप्पल निसटून पट्ट्यावर लोंबकळतेय. वर दोन्हीकडे मायकल आणि गॅब्रिएल, त्यांच्या हातात भाला, क्रूस, खिळे, म्हणजे पुढे जे होणार ते, आणि ते बघून बाळ घाबरून आईकडे पळालंय तेव्हा चप्पल सुटली, असं सांगतात. मूळ चित्र रोमला आहे, पोप पायस नववे यांनी १८६६ च्या सुमारास ते रिडेम्प्टरिस्ट नावाच्या संघाच्या फादरांच्या हवाली केलं आणि सांगितलं की हिची ओळख जगाला करून द्या. माहीमला हा नोव्हेना आणला तो इथल्याच एका फादरांनी, बेलफास्टला बघून आले होते, आणि ८ सप्टेंबर १९४८ ला पहिला झाला. मी कॅलेंडर मागे नेऊन बघितलं, बुधवारच होता. ८ सप्टेंबर म्हणजे मरियेचा वाढदिवस, तिकडे वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेचे दिवस. हे असलं काही पुस्तिकेत नाहीये. अर्धं पान दिलं असतं तर बिघडलं नसतं.

त्याऐवजी काय दिलंय तर शेवटचं पान. चौकट आखून, जाड अक्षरात: सलग नऊ बुधवार करावेत, एकही चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, इच्छा पूर्ण झाल्यावर या प्रार्थनेच्या नऊ प्रती छापून चर्चमध्ये ठेवाव्यात, ही प्रार्थना आजवर कधीही निष्फळ गेलेली नाही. खाली छापणाऱ्याचं नाव नाही, कुणा बिशपची परवानगी नाही, काही नाही. आणि मी बघा, शिकलेली, ऑफिसात दिवसभर एक्सेल करणारी, पहिल्या पाच बुधवारी हे पान वाचून हसले आणि सहाव्या बुधवारी त्याच पानाने माझी झोप घालवली.

झालं असं की सहाव्या बुधवारी रुळांवर पाणी, गाड्या बंद, मी घरातच अडकले. आधी ठीक होते. मग रात्री नऊनंतर छातीत धडधड सुरू झाली, की आता आईच्या ऑपरेशनमध्ये काही झालं तर, माझ्यामुळे झालं तर. घरात जपमाळ केली आईसोबत, पण ती करतानाही डोक्यात हिशोब, हे धरतात की नाही, माहीमला जाऊन केलं नाही तर मोजतात की नाही. देवाशी बोलत नव्हतेच मी, हप्ता चुकल्यावर बँकेच्या फोनची वाट बघतो ना आपण, तसं चाललं होतं. शेजारच्या काकू आल्या, त्यांचे सोळा सोमवार चालू असतात, त्यांनी शांतपणे विचारलं की याचं उद्यापन कसं करतात आणि मध्ये आंबट चालतं का. मला हसू येईना.

पुढच्या बुधवारी स्टॉलवर गेले आणि सांगितलं की मावशी, एक बुधवार गेला. त्या म्हणाल्या, "मग पहिल्यापासून कर बाय, नवीन सेट देऊ?" १८० रुपये. धंदाय त्यांचा, राग नाही. पण त्याच दिवशी मला मेणाचा पाय घ्यायचा होता, आईचा निरोप, डावा हवा. टोपलीत हात, डोकं, घर, बाळ, सगळं होतं, पाय होते पण सगळे उजवे, एकाच साच्यातले, अंगठा एकाच बाजूला. मी म्हटलं, डावा नाही का? तर म्हणतात, "घे गं, माउलीला कळतं कुठला दुखतोय ते."

मी तिथेच छत्री धरून उभी. म्हटलं मावशी, तिला डावा-उजवा कळतो, मग वसईला पाणी तुंबलं होतं ते नाही कळलं तिला? मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग मागच्या गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला लागल्या. नवीन सेट काही मी घेतला नाही.

घरी हे सगळं आमच्या पॅरिशच्या फादरांना सांगितलं तर ते आधी खूप हसले. म्हणाले मरिया मस्टर ठेवत नाही. मग त्यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, परिच्छेद २१११ दाखवला, त्यात सरळ आहे की प्रार्थनेचा गुण मनाशी संबंध न ठेवता नुसत्या बाहेरच्या कृतीमुळे येतो असं मानणं म्हणजे अंधश्रद्धा. म्हणजे हे कुणा नास्तिकाने आपल्याला ऐकवलेलं नाही, चर्चच सांगतं. आणि नऊ आकडा आला कुठून तर येशू ४० व्या दिवशी स्वर्गात गेला, पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, ५० व्या दिवशी, मधे शिष्य आणि मरिया प्रार्थना करत थांबले ते नऊ दिवस. त्यांना कुणी नऊ सांगितलेच नव्हते हो! किती दिवस थांबायचंय हेच माहीत नव्हतं, मोजणी नंतरच्यांनी केली. माहीमचा नोव्हेना तर वर्षभर दर बुधवारी चालूच असतो, तुमचा पहिला आणि माझा सातवा एकाच बाकावर.

मेणाच्या पायाला मी नावं ठेवणार नाही, बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. ज्या बाईला नीट शब्द सुचत नाहीत ती पाय ठेवते आणि म्हणते हा बघ, हा दुखतोय. त्यात वाईट काय. घोळ होतो तो आपण डोळे मिटून घेतले की. २०१२ साली पार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चबाहेर क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा लोक ते तीर्थासारखं नेत होते, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या सनल एडामारुकूंनी येऊन दाखवलं की ड्रेनेज तुंबलंय आणि ते पाणी भिंतीतून वर चढतंय, तर त्यांच्यावरच पोलिसात तक्रारी झाल्या, ते फिनलंडला गेले. आमच्याकडेही कुणीतरी एक बाटली दिली होती. आईने ती दोन महिने फ्रिजवर ठेवली आणि मग बातमी कळल्यावर गुपचूप कुंडीत ओतली, जास्वंदाला.

तर घ्यायचा असेल तर पुस्तिका सुटी मागा, ४० ला देतात, मेणबत्त्या दुसरीकडून घ्या. फोटो लहान मुलांना चप्पल दाखवायला मस्त. शेवटचं पान मी फाडलं, नऊ प्रती काढल्या नाहीत, बुधवार मात्र अजून जमेल तसा करते.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, नीट झालं, आई वॉकर घेऊन हॉलभर फिरते. परवा चेकअपला डॉक्टर म्हणाले की उजवाही फार दिवस टिकणार नाही, वर्षभरात करून घ्या. रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणते, "बघ, त्या स्टॉलवालीला बरोबर कळलं होतं."